वेलिकाबाईंचं खांद्याचं यंत्र

"यंदाचा आयवार मी एकटी घोटणार. उलथन्याला दुसऱ्या कुणाचं बोट लागलं, नाहीतर आयवार तळाला लागला, तर सासूबाईंची काहील मी स्वतः उचलून तुझ्या अंगणात आणून ठेवीन, स्लावके!"

वेलिकाबाईंनी हे चर्चच्या पायरीवर उभं राहून, गावातल्या सगळ्या बायकांदेखत सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की काहील उचलायची म्हटली तरी उजवा खांदा हवा, आणि नेमका तोच त्यांच्याजवळ नव्हता. पण तोंडातून गेलेलं परत घ्यायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती. त्यांनी रुमालाची गाठ घट्ट केली आणि जिंकून आल्यासारख्या घरी गेल्या.

आता काहील म्हणजे साधी काहील नव्हे. वेलिकाबाईंच्या सासूची, तांब्याची, आतून कल्हई केलेली, चार बकऱ्या आत उभ्या राहतील एवढी. सासूने जाताना ती थोरल्या सुनेच्या अंगणात ठेवली, आणि धाकट्या सुनेला, म्हणजे स्लावकाला, शिवणयंत्र दिलं. तेव्हापासून दर शरद ऋतूत लाल ढोबळ्या मिरच्यांची पोती आली, की घराण्यातल्या झाडून सगळ्या बायका वेलिकाबाईंच्या अंगणात जमायच्या. मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, दळायच्या आणि मग तेल घालून तो लालभडक गोळा, म्हणजेच आयवार, दिवसभर घोटत बसायचं. कोण भाजणार, कोण सोलणार, कुणी गप्प बसायचं, हे सगळं जिची काहील ती ठरवायची. शिवणयंत्राभोवती कधी कुणी जमलं नाही. स्लावका हे विसरली नव्हती.

आणि गेल्या वर्षी घात झाला. ऐन घोटण्यात वेलिकाबाईंच्या खांद्यात अशी कळ आली, की हात लाकडाचा झाला. ओरडून कुणाला बोलवायला त्यांचा स्वभाव आडवा आला. तेवढ्या वेळात आयवार तळाला लागला. हिवाळाभर बरण्यांतून करपट वास येत राहिला. घराण्याच्या संताच्या सणाला आलेल्या पाहुण्यांनी पावाला चीज लावलं, लोणी लावलं, आणि आयवार ताटाच्या कडेला सारून ठेवला. स्लावकाने मात्र चमचाभर खाल्ला आणि साखरेत घोळून म्हणाली, "जरा धुरकट लागतोय जाऊबाई, पण काही लोकांना तसाच आवडतो."

खांदा एवढा दुखला नव्हता, जेवढं हे दुखलं.

तर पैज लागली आणि खांदा नव्हता. अशा वेळी देव माणसाला वाट दाखवतो. वेलिकाबाईंना ती ब्लाझेने दाखवली. हा ब्लाझे आपल्या खटाऱ्या व्हॅनमधून दर गुरुवारी गावातल्या बायकांना सीमेपलीकडे पेत्रिचला बाजाराला नेतो. तिथे एक स्वस्तातलं दुकान आहे. तिथे गुरुवारी सकाळी लोखंडी टोपल्यांत नवीन हत्यारं ओततात, आणि दुपारपर्यंत टोपल्या रिकाम्या होतात. त्या टोपल्यांत काय जादू आहे कोण जाणे. कोपऱ्यावरची त्रायांका कपडे धुवायची पावडर आणायला गेली आणि विजेची करवत घेऊन आली. तिच्या घरात कापायला काटकी नाही, पण करवत आहे, आणि ती रोज पुसते. तर ब्लाझे सहज बोलून गेला, की त्याची सासू हल्ली आयवार हाताने घोटतच नाही. ड्रिल मशीनला रंग कालवायची दांडी लावते, बटण दाबते आणि दुसऱ्या हाताने कॉफी पिते.

वेलिकाबाईंनी त्याला सुनावलं, की असली सासू मिळणं हेच त्याच्या लायकीचं होतं. आणि पुढच्या गुरुवारची जागा धरून ठेवायला सांगितली.

कुणाला म्हणजे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. सुनेलासुद्धा नाही. सुझाना औषधांच्या दुकानात कामाला आणि तिचं म्हणणं, आयवार आता बाटलीत विकत मिळतो. तिला यंत्राचं सांगितलं असतं, तर पुढची पायरी बाटलीच. आणि स्लावकाला कळलं असतं, तर थोरल्या जाऊचा हात गेला अशी दवंडी पिटली असती. यंत्र स्वयंपाकघरात लपवायचं, लोक कॉफीला वळले की पटकन फिरवायचं आणि पुन्हा उलथनं हातात घेऊन उभं राहायचं, असा बेत ठरला. फार सुंदर बेत होता.

गुरुवारी व्हॅनमध्ये चढल्या तर पहिल्याच बाकावर स्लावका. तिला काही घ्यायचं नव्हतं, ती दुसऱ्या काय घेतात ते बघायला निघाली होती.

दुकानात वेलिकाबाईंनी जाऊला चीजच्या कपाटाकडे पाठवलं आणि आपण टोपलीवर झडप घातली. शेवटचं ड्रिल होतं. त्याच खोक्यावर एका दांडग्या बाप्यानेही हात ठेवला होता. वेलिकाबाईंनी त्याच्याकडे फक्त बघितलं. त्याने हात काढून घेतला, वर माफीही मागितली. रंग कालवायची दांडी मिळाली. गल्ल्यावरच्या पोरीने मात्र खोका उलटापालटा केला आणि सांगितलं, की हे नुसतं मशीन आहे, याची बॅटरी आणि ती भरायचा चार्जर वेगळा घ्यावा लागतो.

"म्हणजे गाढव विकता आणि पाय दुसऱ्या टोपलीत?" वेलिकाबाई म्हणाल्या. पण घेतले पाय.

परत निघताना सीमेच्या अलीकडे ब्लाझेने नेहमीसारखी गाडी बाजूला घेतली. तिथे एक रीत आहे. एका माणसाने ठरलेल्यापेक्षा जास्त माल नेला की जकातवाले अडवतात. म्हणून जिची पिशवी फुगलेली तिचा माल जिची पिशवी रिकामी तिच्याकडे जातो, आणि सीमा ओलांडली की ज्याचं त्याला परत. त्यात कुणी लाजत नाही. ब्लाझेने वेलिकाबाईंच्या पायाखाली, टॉयलेट पेपरच्या गठ्ठ्यामागे बघितलं आणि म्हणाला, "काकू, हे सगळं एकीच्या नावावर जायचं नाही. थोडं कुणाकडे तरी द्या."

सगळ्यांच्या पिशव्या भरलेल्या होत्या. रिकामी पिशवी एकच होती. मांडीवर घेऊन बसली होती स्लावका.

वेलिकाबाईंचं डोकं संकटात जोरात चालतं. त्या गाडीमागे गेल्या, बॅटरी आणि चार्जर खोक्यातून काढले, खोकी कचऱ्यात फेकली, दोन्ही वस्तू डोक्याच्या जुन्या रुमालात गुंडाळल्या आणि ते गाठोडं स्लावकाच्या हातात दिलं. स्लावकाने हाताने वजन केलं.

"काय आहे हो?"

"खांद्याचं यंत्र."

हे कुठून आलं ते वेलिकाबाईंनाही कळलं नाही. पण आलं ते छान वाटलं.

"शेकायचं?"

"शेकतं, ओढतं, सगळं करतं. डॉक्टरने सांगितलंय. तू उघडू नकोस."

सीमेवर एक कोवळा जकातवाला गाडीत चढला. त्याने नेमकं तेच गाठोडं उघडलं. हिरवी बॅटरी हातात घेऊन तो बघत राहिला. त्याच्याही घरी अशीच असणार, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"हे काय, आजी?"

"औषधाचं यंत्र," स्लावका ठासून म्हणाली. "माझ्या थोरल्या जाऊचं. तिचा खांदा गेलाय बिचारीचा."

जकातवाल्याने बिचारीकडे बघितलं. वेलिकाबाईंनी त्या टोपलीजवळच्या बाप्याकडे जसं बघितलं होतं तसं त्याच्याकडे बघितलं. त्याने गाठोडं नीट बांधून परत दिलं. "सांभाळून वापरा," तो म्हणाला. "भिजू देऊ नका." आणि खाली उतरून आपल्या सोबत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत सुटला.

इथवर सगळं ठीक. पण गावात शिरताना स्लावकाचं घर आधी लागतं. गाडी थांबली, ती उतरली, पिशवी तिच्याबरोबर उतरली आणि फाटक लागलं. पायाखालच्या मशीनवर पाय रोवून बसलेल्या वेलिकाबाई उठेपर्यंत आतून कडी पडली होती. जाऊ दे, त्या मनाशी म्हणाल्या, सकाळी घेऊ.

सकाळी स्लावका कुंपणाशी उभी होती आणि उजवा हात डोक्यावर गरागरा फिरवत होती.

"जाऊबाई, बघा! कालपर्यंत वेणी घालता येत नव्हती!"

तिने म्हणे गाठोडं उघडलं नव्हतं, ते आपोआप सुटलं. मग तिने ते यंत्र त्याच्या पाटावर बसवलं, तांबडा दिवा लागला, बऱ्याच वेळाने हिरवा झाला. यंत्र कोमट लागायला लागलं. हिरवा म्हणजे औषध भरलं, हे काय तिला कुणी सांगायला हवं होतं? तिने ते लोकरीच्या शालीने खांद्याला बांधलं, झोपली, आणि सकाळी दुखणं अर्ध्यावर. असा गुण तिला साऱ्या स्ट्रुमित्सा शहरातल्या डॉक्टरांनी दिला नव्हता.

वेलिकाबाई आ वासून उभ्या होत्या. वेडे, ती बॅटरी आहे, हे शब्द अगदी जिभेवर आले. पण बॅटरी म्हटलं की कशाची, हा प्रश्न आला. त्यांनी जिभेवरचं गिळलं आणि आपलं यंत्र परत मागितलं.

"अगं बाई," स्लावका म्हणाली, "ते तर मी त्रायांकाला दिलं. तिच्या गुडघ्यांना."

वेलिकाबाई त्रायांकाकडे धावल्या. त्रायांका करवत पुसत होती, उकिडवी बसून! तीन हिवाळे ती बाई उकिडवी बसली नव्हती. यंत्र पाद्रीबाईंकडे गेलं होतं. पाद्रीबाईंकडे गेल्या, तर ते पाद्रीबुवांच्या कमरेला बांधलेलं, आणि बुवा अंगणात सरळ उभे राहून अक्रोडाच्या वरच्या फांदीचे अक्रोड तोडत होते. बुवांच्या कमरेला हात घालणं शोभलं नसतं. संध्याकाळी पुन्हा गेल्या, तेव्हा स्लावका येऊन घेऊन गेली होती. स्लावकाच्या दाराशी गेल्या, तर आतूनच आवाज आला, की आज पाळी माझी, उद्या मी दिवसभर तुमच्याकडेच आहे की, येताना घेऊन येते.

घरी आल्या तर सुझाना स्वयंपाकघरात उभी. तिला पिठाच्या डब्यामागे ड्रिल सापडलं होतं. सगळं ऐकून ती आधी खुर्चीत बसली, मग टेबलावर डोकं टेकलं. तिचे खांदे हलत होते.

"रडू नकोस," वेलिकाबाई म्हणाल्या.

"रडत नाहीये, आई." तिने डोळे पुसले. "सांगून टाका ना. बॅटरी आहे म्हणावं."

"आणि काहील काय तुझ्या बाटलीवाल्यांना देऊ? तुला काय गं, तू या घरात आलीस तेव्हा सगळं आयतं होतं. मी आले तेव्हा सासूने मला पहिल्यांदा माणसात धरलं ते त्या काहिलीजवळ. उलथनं हातात दिलं तेव्हा. त्याआधी मी नुसती नवी पोरगी होते."

ड्रिलला सुझानाने दांडी नीट बसवून दिली. दांडी आधी उकळून घेतली होती, हेही सांगायला हवं. सून तशी वाईट नाही.

शनिवारी अंगण भरलं. मिरच्यांच्या भाजक्या वासाने गल्लीतली मांजरं वेडी झाली. ब्लाझे राकियाची, घरच्या दारूची, बाटली घेऊन आला आणि बसला. शेवटी आली स्लावका. तिचा उजवा खांदा डाव्याहून वीतभर उंच होता, उंटाचं पिल्लू पाठीवर घेऊन आल्यासारखा. ब्लाउजच्या आत, शालीच्या पट्टीखाली, वेलिकाबाईंची बॅटरी होती.

यंत्र दे, वेलिकाबाई तिच्या कानाशी म्हणाल्या. देते देते, अंगाची ऊब लागली की ते जास्त चालतं, ती म्हणाली, आणि काहिलीसमोरची खुर्ची धरून बसली. तिथून तळापर्यंतचं दिसतं.

वेलिकाबाईंनी उलथनं घेतलं. पहिला फेरा राणीसारखा घातला. त्यानंतरचे काही फेरे सरदारासारखे. मिरच्यांचा रस आटायला लागला, आयवार जड झाला, बुडबुडे फुटून मनगटावर चटके बसायला लागले, आणि खांद्यात ती ओळखीची कळ हळूच उठून बसली. बायका कॉफीला वळल्या, तरी उपयोग काय? यंत्र स्वयंपाकघरात, पाय ब्लाउजमध्ये. त्यांनी उलथनं डाव्या हातात घेतलं. डावा हात आयुष्यभर फक्त कमरेवर ठेवायची सवय असलेला. तो काय घोटणार!

मग वास आला. अजून कुणाला आला नव्हता. नुसती एक बारीकशी रेघ, तळातून वर आलेली. पण स्लावकाचं नाक वर झालं. ती वेलिकाबाईंकडे बघत नव्हती. ती काहिलीकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांवरून कळत होतं, की काहील आपल्या अंगणात तुतीखाली ठेवायची की विहिरीजवळ, हे ती ठरवते आहे.

वेलिकाबाईंनी उलथनं काठाला टेकवलं.

"सुझाना, जाळ बाहेर ओढ. आणि ते आण."

"काय आणू, आई?"

"ते!"

आणि साऱ्या अंगणादेखत त्या चालत गेल्या, स्लावकाच्या ब्लाउजच्या गळ्यात कोपरापर्यंत हात घातला, आणि बॅटरी उपसून काढली. स्लावकाने अशी किंकाळी फोडली की ब्लाझेने बाटली सोडून दिली. सुझाना ड्रिल घेऊन धावत आली. खट्! पाय गाढवाला बसले. वेलिकाबाईंनी दांडी काहिलीत सोडली आणि बटण पार आत दाबलं.

हे असं पार दाबायचं नसतं. पण ते आधी कोण सांगणार? आयवारचा एक लाल पट्टा उठला. तो ब्लाझेच्या पांढऱ्या शर्टावरून, भिंतीवरून, मांजरावरून गेला आणि स्लावकाच्या उघड्या तोंडाशी येऊन थांबला. पुढच्या क्षणाला वेलिकाबाईंच्या बोटाला युक्ती कळली. अर्धंच दाबायचं. मशीन घुमायला लागलं, तळातला गोळा सुटून वर आला, तेल कडेने चमकायला लागलं, आणि ती करपट रेघ जशी आली तशी गेली.

"माझं औषध!" स्लावका तोंड पुसत म्हणाली.

"बॅटरी आहे ती, स्लावके. ड्रिलची."

त्रायांकाने आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. "म्हणजे माझे गुडघे बरे झाले ते..."

"तुझ्या मनाने झाले, त्रायांके."

"मनाने कशाला?" त्रायांका म्हणाली. "गुडघ्यांनीच झाले." आणि खात्री करून घ्यायला एकदा उकिडवी बसून उठली.

स्लावका एवढ्यावर सोडणारी नव्हती. पैज हरलात जाऊबाई, ती म्हणाली, तुम्ही घोटलं नाही, यंत्राने घोटलं. सगळ्या बायका वेलिकाबाईंकडे वळल्या.

"यंत्र काय पेत्रिचहून पायी आलं? कुणाच्या हातात आहे ते?" वेलिकाबाईंनी मशीन फिरतं ठेवूनच विचारलं. "मी म्हटलं होतं, उलथन्याला दुसऱ्या कुणाचं बोट लागणार नाही. लागलं? जिने लावलं तिने हात वर करावा. आणि तू कर बघू, स्लावके. खांदा बरा झालाय ना तुझा?"

हात कुणी वर केला नाही. एवढ्यात मशीन खोकलं, घरघरलं आणि थांबलं. औषध संपलं होतं. पण आयवार आता झाल्यातच जमा होता. वेलिकाबाईंनी उलथनं दोन्ही हातांनी धरलं, दात आवळले आणि काहिलीच्या तळावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढलं. लाल आयवार दुभंगला, मधे सरळ रस्ता पडला, आणि त्या रस्त्यात सासूच्या काहिलीची कल्हई लख्ख दिसली. एक काळा ठिपका नाही.

चमचा त्यांनी पहिल्यांदा स्लावकालाच दिला. तिने खाल्लं. सगळे थांबले. तिने दुसरा चमचा घेतला.

"जरा..." ती म्हणाली.

"काय जरा?"

"जरा पाव द्या गं कुणीतरी."

काहील जागची हलली नाही. बरण्या भरल्या, उलट्या करून घोंगडीखाली झाकल्या, आणि त्या दिवशी वेलिकाबाई अंगणात अशा बसल्या होत्या, की ब्लाझे जाताना त्यांच्यासमोर वाकलाच. शर्टाबद्दल बोलायचं त्याच्या मनात होतं, पण त्याने ते मनातच ठेवलं. निरोप घेताना त्यांनी प्रत्येकीला बजावून सांगितलं, की घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांना सांगा, बॅटरी ती बॅटरी, त्यात औषध नसतं, शिकलेल्या नसलात तरी एवढं कळायला हवं.

रविवारी सकाळी चर्चची घंटा झाली आणि वेलिकाबाई दिसल्या नाहीत. स्लावका बघायला आली. दार उघडंच होतं. आत वेलिकाबाई टेबलाशी बसल्या होत्या, कॉफीचा पेला डाव्या हातात. ते ड्रिल म्हणजे चांगलं धोंड्याएवढं जड, ते तेवढा वेळ धरून उजवा हात असा गेला होता की रुमालाची गाठही बांधता येईना. डोक्यावरचे केस तसेच मोकळे होते. आणि रुमाल? रुमाल खांद्यावर बांधलेला होता, त्याखाली चौकोनी उंचवटा.

स्लावकाने खुर्ची ओढली, बसली आणि आपल्या उजव्या हाताला डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवलं.

"काल ते रिकामं झालं होतं ना?" तिने विचारलं. "मग रिकामंच बांधलंत?"

वेलिकाबाईंनी कॉफीचा घोट घेतला.

"हिरवा दिवा लागल्यावरच बांधलंय," त्या म्हणाल्या. "मी काय वेडी आहे?"